दादा वेळेवर येऊ लागला

दिवेलागणीला आई एकच प्रश्न विचारायची. "आला का गं?"

धाकटी त्याचं उत्तर द्यायची नाही. तोंडाने खोटं बोलायचं नाही, एवढं एक पथ्य तिने पाळलं होतं. ती उठून पॅसेजमध्ये जायची, कपाटातली जड निळी बाटली काढायची आणि खुंटीवर टांगलेल्या दादाच्या शर्टाच्या कॉलरवर एकदा फवारायची. मग कुणी आत गेल्यासारखं दादाच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. बस्स, इतकंच. बैठकीतल्या खुर्चीत बसलेल्या आईच्या नाकपुड्या हलायच्या, कपाळावरची आठी सुटायची आणि ती म्हणायची, "आला. वाढ आता."

आणि जेवायची.

आईची नजर काचबिंदूने केव्हाच नेली होती. मागाहून मेंदूत गुठळी झाली, तिने आठवणींतला बराच ऐवज नेला. जुन्या सवयी तेवढ्या राहिल्या, आणि नाक. नाक मात्र असं शाबूत, की शेजारच्या काकू जिना चढायला लागल्या की ही वरून सांगायची, "काकूंनी आज दूध उतू घालवलंय."

दादा बंदरात पाणबुड्या होता. नांगरलेल्या जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे, हे त्याचं काम. घरी यायचा तो गंज, चिखल आणि डिझेल यांचा मिळून झालेला एक वास घेऊन. आईला तो सोसायचा नाही. "बंदर बंदरात ठेवून ये," ती म्हणायची, "माझ्या घरात आणू नकोस." म्हणून तो आल्या आल्या आंघोळीला पळायचा, अंगावर अत्तर फवारायचा, आईच्या खुर्चीमागे क्षणभर उभा राहायचा आणि मग आपल्या खोलीत जायचा. बोलणं त्याच्या जिवावर यायचं. दिवसभर तोंडात हवेची नळी धरणाऱ्याला संध्याकाळी शब्द सापडत नाहीत, असं आईच म्हणायची.

ती निळी बाटली त्याने एका मोठ्या कामाच्या कमाईतून आणली होती. समुद्र आणि ऊद, अशी त्यातली जोडी. तेव्हा आई खळखळून हसली होती. "समुद्राचा वास घालवायला समुद्राचंच अत्तर! काट्याने काटा काढतोस होय रे?"

मग एके दिवशी दादा एका जहाजाखाली उतरला, आणि दोरी तेवढी वर आली. खूप शोधलं. सापडला नाही. त्याच्या कामावरचा एक माणूस धाकटीकडे निरोप घेऊन आला. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, तिथल्या दारात तो हातातली टोपी पिळत उभा राहिला. बोलेचना. इतका वेळ बोलला नाही, की त्याने तोंड उघडायच्या आधीच तिला सगळं कळलं.

आई तेव्हा त्या गुठळीसाठी इस्पितळात होती. "आता सांगू नका," डॉक्टर म्हणाले. आता नको, मग उद्या नको, मग आई घरी आली आणि सांगायची वेळ टळून गेली ती गेलीच. घरी आल्यावर आई जेवेना. "तो आल्यावर बसू," म्हणून ताट तसंच ठेवायची. अशाच एका संध्याकाळी धाकटी पॅसेजमध्ये एकटीच रडत होती. रडता रडता तिने ती बाटली उघडली, आणि आतून आईचा आवाज आला, "आला. वाढ आता."

त्या दिवसापासून दादा रोज येऊ लागला.

वर्ष उलटून गेलं, आणि बाटलीतला निळेपणा तळाला टेकला.

अत्तरवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. अरुंद, थंड, भिंतींना आरसे. धाकटी तिथे निळी बाटली घेऊन गेली, आणि सोबत दादाचा शर्टही. कागदावरचा वास आणि कापडावरचा वास एकच नसतो, एवढं शिक्षण तिच्या अंगात मुरलेलं होतं.

अत्तरवाल्याने बाटली हातात घेतली आणि भुवई उंचावली. "नजर उंची आहे, ताई. मिळेल. पण किंमत ऐकून खाली बसावं लागेल. स्टूल देऊ?"

त्याने किंमत सांगितली. ती उभीच राहिली, पण दोन महिन्यांचा पगार डोळ्यांसमोरून गेला.

"दुसरं काही?"

"आहे ना! हुबेहूब. जुळी भावंडंच म्हणा. एक शिकलं, एक नाही शिकलं, एवढाच काय तो फरक." त्याने कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन थेंब सोडले आणि तिच्यापुढे धरल्या.

"एक कोरी पट्टीही द्या."

"कोरीचा काय वास घेणार, ताई?"

"काहीच येता कामा नये," धाकटी म्हणाली. प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेला नमुन्यांच्या रांगेत एक बाटली निव्वळ शुद्ध पाण्याची लावायची, अशी रीत होती. तिला कोरी बाटली म्हणायचे. तिच्यात काही निघालं, तर खोट आपल्या हातात किंवा भांड्यात आहे असं धरायचं आणि सगळी रांग ओतून द्यायची. "तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नसतो."

"तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं रोज आली, तर मला पट्ट्यांचंच दुकान टाकावं लागेल," असं म्हणत त्याने कोरी पट्टी दिली.

तिने कोरी हुंगली. मग पहिली. मग पुन्हा कोरी, मग दुसरी. खरं सांगायचं तर तिला दोन्हींत फरक कळेना. रोज एकच वास घेऊन नाक त्याला सरावलं होतं. वर्षभरात दादाचा वास तिच्यापुरता कधीच विझून गेला होता, आणि हे तिला तिथे, त्या आरशांच्या गर्दीत उभं असताना पहिल्यांदा ध्यानात आलं.

डोक्यात होती ती नुसती माहिती. मिठाला वास नसतो. बाटलीतल्या समुद्रात समुद्राचा थेंबही नसतो, तो कारखान्यात जुळवलेला एक रेणू असतो. आणि ऊद म्हणजे आजारी झाडाची खूण. ऊद ज्याच्यापासून मिळतो त्या अगरूच्या निरोगी लाकडाला गंधच येत नाही. त्याला बुरशीची जखम झाली, की ती झाकायला झाड जी राळ सोडतं तिचा तो वास. महागातला ऊद खऱ्या जखमेतून आलेला होता. स्वस्तातल्या अत्तरातला लाकडाचा वासही कारखान्यातलाच.

"आणि एक सांगतो," अत्तरवाला म्हणाला. "स्वस्तातलं कपड्यावरून जाता जात नाही. धुवा, उन्हात टाका, ते काही हलायचं नाही."

तिला तो गुणच वाटला. जाईना तर बरंच, शिंपडायला कमी लागेल. आईचं नाक झालं तरी म्हातारंच, शिवाय अत्तरवाला हुबेहूब आहे म्हणतो. तिने स्वस्तातली बाटली घेतली.

पट्ट्या हुंगण्याच्या नादात बराच उशीर झाला. दिवेलागण टळून गेली होती. आई उपाशी बसली असेल, या धास्तीने ती जवळजवळ धावतच घरी आली. पॅसेजमध्ये शिरताना तिचा पाय घसरला. फरशी ओली होती. दुपारी आईजवळ बसायला येणाऱ्या काकू जाता जाता पुसून गेल्या असतील आणि पाणी नीट निपटलं नसेल, असं मनाशी म्हणत तिने हाताशी आलेल्या जुन्या फडक्याने ती टिपली आणि फडकं मागच्या गॅलरीत भिरकावलं.

आई खुर्चीत बसली होती, चेहरा शांत. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट रिकामं होतं.

"जेवलीस?"

"जेवले की. दादा येऊन गेला. उशिरा आला आज."

धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. वास घरात मुरलाय, आईच्या डोक्यात दिवसांची सरमिसळ झालीय, दुसरं काय! हवा खेळावी म्हणून तिने सकाळी उघडी ठेवलेली दादाची खोली बंद होती. वाऱ्याने दार लोटलं असेल, असं म्हणून तिने शर्ट पुन्हा खुंटीवर टांगला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने नवी बाटली उघडली. कॉलरवर एक फवारा, मग दार लोटलं. बैठकीत आईच्या नाकपुड्या हलल्या. धाकटी वाट पाहत राहिली.

"कोण आलंय?" आई म्हणाली.

धाकटीने बाटलीचं झाकण घट्ट बसवलं.

"कुणी नाही गं आई."

"असं कसं? आलाय कुणीतरी. दादाच्या वाटेने आलाय, पण दादा नाही." तिने पदर सारखा केला आणि पॅसेजच्या दिशेने तोंड वळवून म्हणाली, "अहो, उभे का? बसा ना."

त्या रात्री आई दोन घासांवर उठली. परक्या माणसासमोर पोटभर जेवणं तिला कधीच जमलं नव्हतं.

नंतरच्या संध्याकाळी धाकटीने अत्तराला हात लावला नाही. तरी आईने मान वर केली. "अजून गेला नाही का तो?"

गेलाच नव्हता. धाकटीने शर्ट धुतला. पडदे काढून धुतले, पायपुसणी, उशांचे अभ्रे, खुर्चीवरची चादर, सगळं धुतलं. खिडक्या सताड उघड्या टाकल्या. पण कापूस असेल तिथे तो वास बसकण मारून होता. महागातलं अत्तर भल्या पाहुण्यासारखं, आपली वेळ झाली की उठून जायचं. हे मुक्कामाला आलं होतं.

"बाई बाई, हे काय आणलंस!" काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या. "लिफ्टमध्ये चार नवरदेव कोंबल्यासारखं वाटतंय."

"हुबेहूब आहे म्हणाला होता."

"त्याच्या नाकाला म्हणावं चष्मा लाव." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अगं, ती त्याच्याशी बोलते. तू कामावर गेलीस की बोलते. दमला असाल म्हणते, पाणी विचारते. मला म्हणाली, काकू, जरा सरका, त्यांना वाट द्या. मी सरकले गं! माझ्या मेलीच्या पायांत कापरं भरलं, पण सरकले."

धाकटी हसली नाही.

"सांगून टाक तिला," काकू म्हणाल्या. "झाकून झाकून किती दिवस झाकणार?"

"ती जेवायची तरी, काकू."

"आणि आता?"

आता आई जेवत नव्हती. सकाळचा चहा, दुपारी काकूंनी भरवलेले चार घास, आणि संध्याकाळी काहीच नाही. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. धाकटी दिवसभर सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसायची, आणि नळीत पाण्याऐवजी पॅसेज दिसायचा.

एकदा ती आईचे केस विंचरत होती. आई सहज म्हणाली, "भला माणूस दिसतो. तिथेच उभा असतो, टोपी पिळत."

धाकटीच्या हातातली फणी थांबली. टोपीचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंनासुद्धा नाही.

"टोपी? तुला कसं कळलं?"

"निरोप घेऊन आलेली माणसं अशीच उभी राहतात. तुझे बाबा गेले, तेव्हाही एक आला होता असाच. बोलेचना. शेवटी मीच म्हटलं, सांगा हो, मी खाली बसते." आईने मान मागे टाकली. "ओढू नकोस, गुंता आहे तिथे."

त्या संध्याकाळी धाकटीने साठवलेले सगळे पैसे काढले आणि तडक अत्तरवाल्याकडे गेली.

"जुळ्यांचं जमलं नाही वाटतं?" त्याने विचारलं, पण तिचा चेहरा पाहून पुढचा विनोद गिळला. मुकाट्याने खरी बाटली काढली, पेटीत घालून तिच्या हातात दिली. "सावकाश वापरा, ताई."

ती घरी आली. काकू निघून गेल्या होत्या. पॅसेजमध्ये उभं राहून तिने पेटीच्या पातळ वेष्टनावर नख ठेवलं. एक चीर दिली की झालं. शर्टावर फवारा, दाराचा आवाज, आणि आई म्हणेल, आला. जेवेल. तो टोपीवाला हळूहळू विरून जाईल, दादा परत येऊ लागेल, उद्या, परवा, आई आहे तोवर. तिच्यापुढे निवड दोन बाटल्यांची कधी नव्हतीच, हे तिला आत्ता दिसत होतं. एका बाटलीतून दादा येत होता. दुसरीतून तो येणार नसल्याचा निरोप.

"अहो," बैठकीतून आईचा आवाज आला. मऊ, थकलेला. ती धाकटीशी बोलत नव्हती. "पाय दुखले असतील हो उभं राहून. सांगायचं ते सांगून टाका आणि जा घरी. तुमचीही आई वाट बघत असेल."

धाकटीने पेटी न फोडताच खाली ठेवली. आत गेली, आईच्या पायांशी बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, दादा गेला."

आईचे हात हलले नाहीत.

"जहाजाखाली उतरला होता. दोरी वर आली, तो आला नाही. तू इस्पितळात होतीस. मला सांगता आलं नाही गं. मग सांगताच आलं नाही."

धाकटीला वाटलं, ऐकलंच नाही की काय, की ऐकून विसरली. मग आईने आपला एक हात सोडवून घेतला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"मग इतके दिवस संध्याकाळी कोण येत होतं?"

"मीच. त्याचं अत्तर उडवायची. तू जेवावंस म्हणून."

"तरीच." आईच्या तोंडाचं बोळकं थरथरलं. धाकटीला कळेना, हे हसू की रडू. "तरीच म्हटलं, हा इतका वेळेवर कसा यायला लागला. उभ्या जन्मात कधी दिवेलागणीला घरात पाऊल टाकलं नाही त्याने."

मग ती रडली. दोघी रडल्या. निरोप पोचला होता, आता आई पॅसेजकडे तोंड वळवून बोलत नव्हती. वास होता तसाच होता, पण नुसता वास. स्वस्तातल्या लाकडाचा.

धाकटीने ताट वाढलं. आई सावकाश जेवली, घासाघासाला थांबत, कुणी बळजबरी केल्यासारखी नव्हे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "एकदा मात्र खरा आला होता हं."

"केव्हा?"

"तू दुकानातून उशिरा आलीस ना, त्या दिवशी. तोही उशिरा आला. त्याच्या नेहमीच्या वेळेला."

त्या दिवशी निळी बाटली तिच्या पर्समध्ये होती. शर्टही तिच्याजवळ. पॅसेजमध्ये काही म्हणजे काही नव्हतं. रिकामी खुंटी तेवढी होती.

"कसला वास आला तुला?" तिने विचारलं. "अत्तराचा?"

"छे! बंदराचा." आईने ओठ पुसले. "गंजाचा, चिखलाचा. आंघोळ न करता तसाच आला होता मेला, ओलाचिंब. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पाणी ठिबकत होतं, ऐकू येत होतं मला. एरवी मी केवढी ओरडले असते. पण नाही ओरडले. म्हटलं, असू दे. जा, झोप." ती उठायला लागली. "बाहेरचं दार नुसतं लोटून ठेव हो आजपासून. कडी नको घालूस."

आईला अंथरुणावर टेकवून धाकटी स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत गेली. बादलीच्या मागे ते जुनं फडकं पडलेलं होतं, तिने भिरकावलं होतं तसंच. सगळं घर धुऊन काढलं होतं तिने, तेवढं एक राहून गेलं होतं. त्याला अत्तराचा वास नव्हता, म्हणून तिचं लक्षच गेलं नव्हतं. आता ते वाळून ताठ झालं होतं, पापडासारखं. दिव्याखाली धरलं, तर कडेकडेने एक पांढुरकी वेलांटी उमटलेली.

साबण असेल. काकू फरशीला काय काय लावतात. उद्या काकूंना विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलंही असतं, त्या दिवशी पुसली होती की नव्हती. प्रयोगशाळेत तर तेवढंही नको होतं. कोपऱ्याएवढं कापड शुद्ध पाण्यात भिजवायचं, त्यात एका द्रावणाचा थेंब सोडायचा. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. रोज असे कितीतरी थेंब ती सोडायची.

तिने फडकं नाकाशी नेलं. मिठाला वास नसतो, हे तिला माहीत होतं. मग ते तसंच, न झटकता, न धुता, ती पॅसेजमध्ये घेऊन आली आणि दादाच्या शर्टाशेजारी खुंटीवर टांगलं. बाहेरच्या दाराची कडी काढली. दार लोटून घेतलं.